उटणे, शिकेकाई, साबण : उत्तर कोकणातील घरगुती प्रसाधनद्रव्यांचा शब्दाधारित इतिहास

१. विषय आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अन्न, वस्त्र आणि निवारा यांचा विचार बऱ्याच विस्ताराने झालेला आहे. शरीराच्या नित्य निगेचा विचार मात्र तितकासा झालेला नाही. न्हाणे, केस धुणे, दात घासणे, अंगाला तेल वा उटणे लावणे, डोळ्यांत काजळ घालणे या क्रिया प्रत्येक घरात प्रत्यही घडत आल्या. पण ज्या गोष्टी प्रत्यही घडतात त्यांची नोंद कोणी करीत नाही. परिणामी या विषयाचे लेखन दोन टोकांना विभागले गेले आहे. एका टोकाला राजदरबारातील गंधशास्त्र आहे, दुसऱ्या टोकाला घरगुती उपायांच्या पुस्तिका आहेत. पहिल्यात घर नाही आणि दुसऱ्यात काळ नाही.

या दोहोंच्या मधली जागा भरून काढण्यासाठी कागदपत्रे अपुरी पडतात, हे खरे. तथापि कागदपत्रांच्या अभावी इतिहास लिहिताच येत नाही असे नव्हे. ज्या वस्तू घरात तयार झाल्या त्यांची नावे घरातच बोलली गेली, आणि ती नावे आजही मराठीत आहेत. या नावांची साक्ष कितपत ग्राह्य धरता येईल, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

विवेचनासाठी डहाणू-तलासरीचा टापू डोळ्यांसमोर ठेवला आहे. डहाणूच्या उत्तरेस, घोलवड-बोर्डीच्या वाटेवर असलेले चिखले हे समुद्रकाठचे गाव या टापूचे चांगले उदाहरण ठरते. पश्चिमेस समुद्र आणि मांगेल्यांची मासेमारी, किनाऱ्यालगत नारळ, ताड आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेस वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी जमातींचा डोंगराळ प्रदेश, आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर गुजराती भाषेची सीमा अशी या भागाची रचना आहे. सोळाव्या शतकापासून १७३९ च्या वसई मोहिमेपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. १९६० मध्ये दोन राज्ये वेगळी झाली तेव्हा शेजारच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. सत्ता, सीमा आणि बाजार वारंवार बदललेल्या अशा प्रदेशात घरातील शब्द किती टिकले आणि किती बदलले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

२. ग्रंथांची परंपरा

भारतीय ग्रंथपरंपरेत या विषयाचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला आरोग्याचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अंजन, दंतपवन, मूर्धतैल, अभ्यंग यांचा विचार दिनचर्येचा भाग म्हणून येतो. दात घासण्याच्या काड्यांसाठी तेथे जी झाडे सांगितली आहेत त्यांत करंज आणि रुई आहेत. ही झाडे राजोद्यानातील नव्हेत; कोकणच्या कोणत्याही गावात पायवाटेच्या कडेला ती सापडतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगानंतर उद्वर्तन, म्हणजे अंगाला कोरडे चूर्ण चोळणे, सांगितलेले आहे.

दुसरा प्रवाह विलासाचा. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून कोणतीही चार निवडली तर १८२० गंध होतात, हा हिशेब तेथे दिलेला आहे आणि गणिताच्या इतिहासकारांनी त्याची विशेष दखल घेतली आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा काळ इ. स. ११२९ ते ११३१ असा धरला जातो. त्यातील स्नानभोग व विलेपनभोग या प्रकरणांत राजाच्या स्नानाची तयारी सविस्तर वर्णिली आहे. फुलांनी वासित केलेल्या तिळांचे तेल, त्या तेलाने मर्दन, मग सुगंधी चूर्णांनी उद्वर्तन, आणि शेवटी ऋतूनुसार विलेपन असा तो क्रम आहे.

या दोन प्रवाहांना जोडणारा आणि मराठीच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा असा एक दुवा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी प्रकाशात आणला. गंगाधरकृत गंधसार आणि अज्ञातकर्तृक गंधवाद हे ते दोन ग्रंथ होत. त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरातर्फे या दोन्ही ग्रंथांची संपादित आवृत्ती निघाली. गंधसारात द्रव्यसंस्काराच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला रसाची पुटे देणे, पाचन म्हणजे शिजवणे, धूपन म्हणजे धुरी देणे आणि वासन म्हणजे फुलांच्या सान्निध्याने वास उतरवणे.

गंधवादाला मराठी टीका असावी, याचा अर्थ काय? केवळ विद्वानांसाठी लिहावयाचे असते तर संस्कृत टीका पुरली असती. ज्याला संस्कृत पाठ समजून घेऊन प्रत्यक्ष द्रव्ये कुटावयाची, चाळावयाची आणि शिजवावयाची होती, अशा कारागिराची किंवा व्यावसायिकाची गरज त्या मराठीमागे दिसते. मध्ययुगात हे ज्ञान राजवाड्यापुरते मर्यादित नव्हते, ते मराठीत समजावून सांगितले जात होते, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

३. शब्दांची साक्ष

ग्रंथांनंतर शब्दांकडे वळले असता एक लक्षणीय भेद आढळतो. विलेपन, वासन, गंधयुक्ती हे शब्द मराठीत तत्सम रूपातच राहिले. किंबहुना बोलीत ते शिरलेच नाहीत. याउलट उटणे, दातवण, रिठा, काजळ, कुंकू हे शब्द पिढ्यान्पिढ्यांच्या तोंडी झिजून, घासून आजच्या रूपास आलेले आहेत.

'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' यापासून आला. 'र्त' या जोडाक्षराचे मूर्धन्यीकरण होऊन प्राकृतात 'उव्वट्टण' झाले. हिंदीत 'व्व'चा 'ब' होऊन 'उबटन' झाले, तर मराठीत तो 'व' लोप पावून 'उटणे' उरले. 'दातवण' या शब्दाचा प्रवास 'दंतपवन' ते 'दंतवण' आणि तेथून 'दातवण' असा आहे. 'रिठा' म्हणजे 'अरिष्ट', प्राकृत 'अरिट्ठ'. आरंभीचा 'अ' गळून पडणे ही मराठीत सुपरिचित गोष्ट आहे. 'अरघट्ट'चा 'रहाट' झाला तो याच नियमाने. हे ध्वनिविकार एका दिवसात होत नाहीत आणि ग्रंथालयातही होत नाहीत. शब्द सतत बोलला गेला तरच तो असा झिजतो. म्हणून तद्भव रूप हे त्या शब्दाच्या अखंड घरगुती वापराचे प्रमाण मानता येते.

मात्र या प्रमाणाची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. शब्द अखंड राहिला म्हणून वस्तूही तीच राहिली असे होत नाही. 'कुंकू' हे याचे ठळक उदाहरण. संस्कृत 'कुंकुम' म्हणजे केशर. 'कुंकुम'चे 'कुंकू' होताना अंत्य 'म' गेला, तसा त्यातून केशरही गेले, आणि हळदीपासून केलेली लाल पूड त्या नावाने ओळखली जाऊ लागली. केशर काश्मीरहून येणारे आणि महाग. हळद परसात होणारी. नाव श्रीमंत वस्तूचे आणि द्रव्य स्वस्त, अशी ही अदलाबदल आहे. स्वस्त प्रसाधनाच्या इतिहासातील एक संपूर्ण प्रकरण या एका शब्दात साठलेले आहे.

'शिकेकाई'ची गोष्ट निराळी आहे. हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. त्यातील 'काई' हा अंश द्राविड भाषांतील 'काय्', म्हणजे कच्चे फळ, हाच होय. कन्नडात 'सीगेकायि', तमिळमध्ये 'सीयक्काय्' ही रूपे त्याची सख्खी भावंडे. संस्कृतात या वेलीला 'सातला', 'सप्तला' अशी नावे दिली जातात; परंतु ती मराठी घरात रुजली नाहीत. केस धुण्याची ही रीत महाराष्ट्राला दक्षिणेच्या शेजाराने दिली, निदान तिचे नाव तरी दिले, असे मानण्यास हा शब्द पुरेसा आधार देतो.

'साबण' या शब्दाबाबत या किनाऱ्यावर साहजिकच पोर्तुगीज संबंधाचा विचार मनात येतो. गोमंतकीय पंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज शब्दांची आशियाई भाषांतील रूपे संकलित केली. पोर्तुगीज 'साबाँव' आणि अरबी 'साबून' हे दोन्ही शब्द अंती लॅटिनातील एकाच शब्दाशी जाऊन मिळतात. म्हणून निर्णय ध्वनींच्या आधारे करावा लागतो. पोर्तुगीजमधील अंत्य 'आँव' मराठीत 'आव' असा येतो. पाव आणि लिलाव हे दोन निर्विवाद पोर्तुगीज शब्द याची साक्ष देतात. त्या न्यायाने 'साबाँव'चे मराठीत 'साबाव' व्हावयास हवे होते. 'साबण' यातील अंत्य 'ण' अरबी 'साबून'कडे बोट दाखवतो. तेव्हा पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे राज्य केलेल्या किनाऱ्यावरही साबणाचे नाव फारसी-अरबी व्यवहाराच्या वाटेने आले असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. 'अत्तर' हा शब्दही अरबी 'इत्र'पासून त्याच वाटेने आलेला आहे.

अशा रीतीने मराठी न्हाणीघरातील शब्दांचे तीन थर दिसतात : अंग चोळण्याचे शब्द प्राकृतातून, केस धुण्याचा मुख्य शब्द दक्षिणेकडून, आणि बाजारातून विकत आणावयाच्या वस्तूंचे शब्द अरबी-फारसीतून. पहिल्या दोन थरांतील वस्तू घरी करता येत. तिसऱ्या थरातील बहुधा विकतच घ्याव्या लागत. शब्दांची ही वाटणी अर्थव्यवहाराची वाटणीही दाखवते.

४. स्वस्तपणाचे तंत्र

घरगुती प्रसाधन म्हणजे राजेशाही प्रसाधनाची गरीब नक्कल, असा एक समज आहे. कृतींचे परीक्षण केले असता तो टिकत नाही.

कुंकवाची कृती पाहावी. हळकुंडांना लिंबाचा रस, सवागी म्हणजे टाकणखार, आणि तुरटी यांची पुटे देऊन ती वाळवतात व कुटतात. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संयोगाने लाल होते. चुना लागलेल्या हातावर हळद पडली तर जो लाल डाग उमटतो त्याचे हेच कारण. पुट देण्याची क्रिया म्हणजे गंधसारातील 'भावन'च होय. ग्रंथातील नाव घरात नव्हते, क्रिया मात्र होती.

दातवणाची कृती याहून अधिक बोलकी आहे. मराठीत 'दातवण' म्हणजे केवळ दात घासण्याची काडी वा पूड नव्हे. विवाहित स्त्रिया दात काळे करण्यासाठी जी पूड लावीत तिलाही दातवणच म्हणत. हिरडा आणि हिराकस ही तिची मुख्य द्रव्ये. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगाने काळा रंग होतो. याच रासायनिक क्रियेने लेखनाची शाईही तयार होत असे. जुन्या काळी लेखकाच्या दौतीत आणि गृहिणीच्या दातांवर एकच रसायन होते. फरक एवढाच, की पहिल्याचा इतिहास लिहिला गेला.

रिठा आणि शिकेकाई पाण्यात फेस देतात तो त्यांतील सॅपोनिन या द्रव्यामुळे. रिठ्याचे शास्त्रीय नाव 'सॅपिंडस' म्हणजे 'भारतीय साबण' असाच त्याचा अर्थ आहे. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, आंबेहळद, चंदन अशी द्रव्ये पडतात. त्यांपैकी चंदन सोडले तर बाकीची मुळे, कंद आणि बिया आहेत; ती थोड्या पैशांत मिळतात. जेथे तेही परवडत नाही तेथे डाळीचे पीठ, हळद आणि चमचाभर साय एवढ्यावर काम भागते. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना आजही अनेक घरांत हेच वापरतात. काजळासाठी एरंडेलाचा अथवा तुपाचा दिवा, त्यावर पालथे धरलेले तांब्याचे भांडे, आणि धरलेली काजळी कालवण्यास थोडे तूप लागते. यांतील कोणतीही वस्तू मुद्दाम प्रसाधनासाठी आणलेली नाही; ती स्वयंपाकघरातून, देवघरातून किंवा परसातून आलेली आहे. स्वस्तपणाचे तंत्र ते हेच : एका कामासाठी असलेली वस्तू दुसऱ्या कामास लावणे.

तथापि या परंपरेचे सरसकट गौरवगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. घरगुती म्हणजे निर्धोक असे समीकरण नाही. भाजलेल्या तंबाखूची मिशेरी दातांना लावण्याची सवय महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांना जडली आणि मुखरोगांना कारण झाली. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. १९४० च्या औषधविषयक अधिनियमात १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनद्रव्यांचा समावेश झाला, आणि रंगासाठी शिसे व सोमल यांची संयुगे वापरण्यास त्याखालील नियमांनी बंदी आहे. लोकांच्या अनुभवानेही आपली चिकित्सा केलेली होतीच. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण प्रसाधनाकडून भलती अपेक्षा ठेवणाऱ्यांची थट्टा करते, आणि ती थट्टा हळद रोज हाताळणाऱ्या घरातच जन्मली आहे.

५. डहाणूचा टापू : तेल, जंगल आणि कायदा

आतापर्यंत आलेली बहुतेक द्रव्ये देशावरील व कोकणातील ग्रामीण व नागर घरांची आहेत. डहाणूच्या पूर्वेकडील पाड्यांत परिस्थिती वेगळी होती. तेथे केंद्रस्थानी मोहाचे झाड आहे. मोहाच्या फुलांपासून मद्य होते आणि बियांपासून तेल निघते. हे तेल खाण्यास, दिव्यात जाळण्यास, तसेच अंगाला आणि केसांना लावण्यास उपयोगी पडते. थंडीत ते थिजून लोण्यासारखे होते. किनाऱ्यावरील घराला जे खोबरेल, ते डोंगरातील घराला मोहाचे तेल.

या झाडाच्या वाट्याला ब्रिटिश अमदानीत कायद्याचा दुहेरी जाच आला. १८७८ चा वनकायदा आणि त्याच वर्षीचा मुंबई अबकारी कायदा यांनी जंगल आणि मद्य या दोहोंवर सरकारी हक्क प्रस्थापित केला. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदाच करण्यात आला. एका झाडाची फुले बाळगणे हा असा नियंत्रणाचा विषय झाला. महसूल फुलांत होता, म्हणून सरकारी कागदांत फुले आली; तेलात मद्यासारखा महसूल नव्हता, म्हणून त्या कायद्याच्या कागदांत तेलाला स्थान मिळाले नाही. सरकारी दप्तरातून घरगुती जीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हा पक्षपात लक्षात ठेवला पाहिजे.

भाषिक पाहणीतही असाच एक पक्षपात आढळतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारली, कातकरी आदी उत्तर कोकणातील बोलींचे नमुने आहेत, आणि ते नमुने आजही मोलाचे आहेत. त्या पाहणीच्या ठराविक शब्दसूचीत केस, दात, डोळा, डोके, हात, पाय असे अवयवांचे शब्द आहेत. पण केसांना काय लावतात, दात कशाने घासतात, डोळ्यांत काय घालतात, हे विचारणारा एकही शब्द नाही. सोने, रुपे आणि लोखंड आहे, तेल नाही. देह नोंदविला गेला, देहाची निगा नोंदविली गेली नाही. सूची व्याकरणाच्या तुलनेसाठी केलेली होती, तेव्हा हा दोष पाहणी करणाऱ्यांच्या हेतूचा नव्हे. परंतु पुढील अभ्यासकांनी तीच सूची पुरेशी मानली तर तो त्यांचा दोष ठरेल. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्ये निघाला. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. ज्या घरांत पोटाला अन्न पुरत नव्हते तेथे प्रसाधन ही चैन नव्हती, आणि विकतच्या वस्तूचा तर प्रश्नच नव्हता. जे जंगलातून मिळेल तेच अंगाला लागत होते.

६. साबणाचे आगमन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साबण हळूहळू नित्याची वस्तू झाला. १९१८ च्या सुमारास गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून केलेला अंगाचा साबण मुंबईत बाजारात आणला. धार्मिक कारणास्तव चरबीचा साबण न वापरणाऱ्या घरांचे दरवाजे त्यामुळे साबणाला उघडले, आणि स्वदेशीच्या चळवळीने त्यास बळ दिले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, आणि स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग खेड्यांसाठी पुरस्कारिला. मोहाचे आणि करंजाचे तेल ही या उद्योगाची महत्त्वाची द्रव्ये होत.

येथे एक आर्थिक विसंगती दृष्टीस पडते. मोहाच्या बिया वेचणारे हात आदिवासी स्त्रियांचे. त्या बिया व्यापाऱ्याकडे जातात, त्यांचे तेल कारखान्यात जाते, आणि तेच तेल साबणाची वडी होऊन आठवड्याच्या बाजारात परत येते. वेचताना ज्याचे मोल किरकोळ, ते विकत घेताना वाढलेले असते. घरगुती द्रव्य आणि बाजारी द्रव्य यांतील फरक पुष्कळदा द्रव्याचा नसतो, मधल्या प्रवासाचा असतो.

घरगुती कृती बाजारात गेल्याची उलट उदाहरणेही आहेत. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत दंतमंजनाचा व्यवसाय आरंभिला तो याच पारंपरिक वनस्पतींच्या आधारे. पुढे त्या संस्थेची उत्पादने औषध समजावी की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल लागला. चरकाच्या दिनचर्येत जो भेद नव्हता तो करआकारणीने करावयास लावला. दंतपवन हे आरोग्य की शोभा, असा प्रश्न प्राचीनांना पडलाच नसता.

७. बोर्डी आणि कोसबाड

चिखल्याच्या परिसरातच या इतिहासाचे एक महत्त्वाचे पर्व घडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, या विचारातून तेथे अंगणवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या.

या बालवाडीत स्वच्छतेला अभ्यासक्रमाचेच स्थान होते. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे काढणे, दात घासावयास लावणे हा दिवसाच्या कामाचा भाग होता. त्याचबरोबर शैक्षणिक साधने स्थानिक आणि स्वस्त असावीत, शिंपले, बिया, पाने, माती यांतूनच ती व्हावीत, हाही आग्रह होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील सूत्र कळते. गरीब मुलाची निगा ही दुकानातील वस्तूवर अवलंबून राहिली तर ती होणारच नाही, हे या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. डहाणूच्या किनाऱ्यावरील एक मराठी शब्द असा देशाच्या प्रशासनात गेला.

८. पुराव्याचा प्रश्न

शब्दांची ही छाननी केवळ विद्याविनोद नव्हे, हे एका अलीकडच्या घटनेने सिद्ध केले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगाबद्दल एकस्व मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. जखमेवर हळद दाबणे ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक आजीला ठाऊक आहे; पण आजीचे म्हणणे तेथे पुरावा म्हणून चालण्यासारखे नव्हते. छापील आधार सादर करावे लागले. त्यांत प्राचीन ग्रंथ होते तसा १९५३ चा एक वैद्यकीय निबंधही होता. या अनुभवानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले.

हळद वाचली, कारण ती ग्रंथांत होती. त्या ग्रंथालयाचा पायादेखील आयुर्वेद, युनानी व सिद्ध यांच्या लिखित ग्रंथांवरच घातलेला आहे. मग जे ग्रंथांत नाही त्याचे काय? वारली घरातील तेलाची रीत, मांगेल्यांच्या घरातील केस धुण्याची रीत, न्हाणीतील एखाद्या पानाचे बोलीतील नाव, हे कोणत्याही संहितेत नाही. ते तोंडी आहे, आणि तोंडी असल्यामुळे न्यायासनापुढे नसल्यासारखेच आहे. या ज्ञानाचा शेवटचा आधार म्हणजे त्याचे नाव. शाम्पूची पुडी पाड्यात पोचते तेव्हा प्रथम वस्तू जाते आणि एका पिढीनंतर तिचे नावही जाते. वस्तू पुन्हा करता येईल. नाव गेल्यावर ती कशापासून करावयाची हेच कळेनासे होते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(अ) उटणे, दातवण, रिठा यांसारखी तद्भव रूपे घरगुती प्रसाधनाच्या अखंड परंपरेचा विश्वसनीय पुरावा होत. मात्र 'कुंकू' या शब्दाप्रमाणे शब्द टिकून द्रव्य बदलल्याची उदाहरणेही असल्याने शब्द आणि कृती यांची तपासणी जोडीनेच व्हावयास हवी.

(आ) राजदरबारी गंधशास्त्र आणि घरगुती कृती यांत क्रियांचे साम्य आहे. फरक द्रव्यांचा आहे. म्हणून घरगुती परंपरेला दरबारी परंपरेची नक्कल न मानता समांतर परंपरा मानणे युक्त होईल.

(इ) सरकारी दप्तरे आणि भाषिक पाहण्या यांनी आपापल्या हेतूंमुळे हा भाग वगळला. त्यांच्यातील मौन म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे.

(ई) बोलींच्या सर्वेक्षणात शरीराच्या निगेची शब्दसूची स्वतंत्रपणे समाविष्ट व्हावी. प्रत्येक शब्दापुढे द्रव्य, कृती, वापराचा प्रसंग आणि सांगणाऱ्याची संमती यांची नोंद असावी. द्रव्य अपायकारक असल्यास तेही स्पष्ट लिहावे, कारण नोंद म्हणजे शिफारस नव्हे.

चिखले ते तलासरी या थोड्या अंतरात मराठी, मांगेली, वारली आणि गुजराती यांचे शब्द एकमेकांत मिसळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका हंगामात हाती घेता येईल एवढेच हे क्षेत्र आहे. ज्यांच्या मुखी हे शब्द आहेत त्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. तेव्हा हे काम पुढील पिढीच्या संशोधकांवर सोपवण्यासारखे नाही.